प्लास्टिकसाठी स्वस्त पिवळं पिगमेंट घ्यायचंय? यलो १४, ८३, १८३ की १८०

मुंबईत मस्जिद बंदरला वडगादीच्या रंगबाजारात शिरलात आणि "प्लास्टिकसाठी पिवळं दाखवा, स्वस्तातलं" म्हणालात की दहातली आठ दुकानं पहिली जी पुडी काढणार ती यलो १४ ची (हे आकडे म्हणजे पिगमेंटचे ठरलेले नंबर). चिमूटभर घेऊन पांढऱ्या कागदावर अंगठ्याने घासून दाखवतात, रंग असा काही उठतो की वाटतं अजून काय पाहिजे, आणि भाव ऐकून तर खिशातून पैसे आपोआप निघतात. मी कलर मॅचिंगचं काम करतो, वसईच्या गाळ्यांतून रोज कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. भाव शेवटी बघायचा. आधी हे सांगा की तुमच्या मशीनचं बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळतं तो नळा, किती तापतं.

कारण यलो १२, १३, १४, १७ आणि ८३ हे सगळे एकाच घरातले, डायअरिलाइड म्हणतात त्यांना, आणि सगळ्यांच्या पोटात डायक्लोरोबेंझिडीन नावाचं रसायन जोडलेलं असतं. प्लास्टिकमध्ये २०० डिग्रीच्या वर गेलं की हे पिगमेंट तुटायला लागतं आणि ते डायक्लोरोबेंझिडीन थोडं थोडं मोकळं होतं, कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते २बी गटात बसतं, म्हणजे माणसाला कॅन्सर करू शकतं अशी शक्यता धरलेलं. हे संशोधन १९९१ सालीच छापून आलंय, नवीन काही नाही, आणि मोठे पिगमेंटवाले तेव्हापासून सांगतात की २०० च्या वरच्या कामात हे वापरू नका. तरी जुन्या शेडकार्डावर, म्हणजे रंगाच्या नमुन्यांच्या तक्त्यावर, ८३ समोर २४० डिग्री लिहिलेलं दिसतं, ते तिथपर्यंत डोळ्याला रंग तेवढा बदललेला दिसत नाही म्हणून. डोळ्यावर जाऊ नका.

आता हिशोब सोपा होतो बघा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याचा डबा २०० ते २६० वर चालतो, एचडीपीई म्हणजे कडक पॉलिथिनचं मोल्डिंग पण साधारण तिथेच, एबीएस २१० ते २५०. म्हणजे या तिन्हींत डायअरिलाइड बाद, मग ते फुकट मिळालं तरी. मऊ पीव्हीसी मात्र १६० ते १९० वर चालतं, तिथे ते बसतं.

मी स्वतः यात हात पोळून घेतलाय म्हणून सांगतो. मसाल्याच्या डब्याचं काम होतं, पीपी, झेंडूसारखा पिवळा पाहिजे होता, पुडीवर मार्करने "पीपी ग्रेड" लिहिलेलं होतं आणि मी विश्वास ठेवला. सकाळभर माल मस्त निघाला. दुपारी पोरं जेवायला गेली, हीटर चालूच, बॅरलमध्ये माल वीस-पंचवीस मिनिटं तसाच भाजत राहिला, आणि परत आल्यावर पहिले सात-आठ शॉट, म्हणजे मशीनच्या एकेका दाबात निघणारे डबे, असे निघाले की डब्याच्या एका बाजूला पिवळं आणि गेटपासून, म्हणजे माल मोल्डमध्ये शिरतो तिथून, निघालेली तपकिरी रेघ, करपलेल्या फोडणीसारखी. पर्ज मारला म्हणजे बॅरलमधला माल काढून टाकला, पुन्हा सुरू केलं, संध्याकाळी परत तेच. मग दुकानदाराकडे टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, तीन दिवसांनी आलं, त्यावर यलो १४. पीपी ग्रेड म्हणे.

तेव्हापासून मी नाव विचारत नाही, नंबर विचारतो. दुकानात एकाच मालाला "गोल्डन", "लेमन", "फास्ट यलो" अशी वाट्टेल ती नावं असतात पण कलर इंडेक्सचा, म्हणजे रंगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, नंबर बदलत नाही. यलो १४ चा यादीतला नंबर २१०९५, ८३ चा २११०८, १८० चा २१२९०. बिलावर नंबर लिहून घ्या, जो लिहायला काचकूच करतो त्याच्याकडून घेऊ नका.

मऊ पीव्हीसीवाल्यांचं आधी उरकतो, त्यांचं सोपं आहे. चप्पल, होज पाइप, रेक्झिन असं काही असेल तर ८३ घ्या. लालसर पिवळा, ताकद जबरदस्त म्हणजे थोड्यातच रंग भरतो, आणि मुख्य म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे पीव्हीसी मऊ करणाऱ्या तेलात, विरघळून बाहेर येत नाही. १२ आणि १४ येतात, पिवळ्या पट्ट्याची चप्पल पांढऱ्या चपलेवर आठ दिवस पडून राहिली की पांढरीवर पिवळा डाग. १२ तर मुळात छपाईच्या शाईचं पिगमेंट, ते प्लास्टिकसाठी विचारातच घेऊ नका. आणि कोणी हंसा यलो देत असेल, म्हणजे यलो १, ३ किंवा ७४, तर ते पण नको, पेंटला चांगले आहेत पण पॉलिथिनमध्ये पृष्ठभागावर येऊन पावडर धरतात, बोट फिरवलं की बोट पिवळं.

आता खरा प्रश्न पीपी आणि एचडीपीईवाल्यांचा. इथे दोन रस्ते आहेत, एक कॅल्शियमवाल्या मोनोअॅझो नावाच्या घराण्याचा म्हणजे ६२, १८३, १९१, आणि दुसरा बेंझिमिडाझोलोन घराण्यातला १८०. बाकी पिगमेंट आहेत पण "स्वस्त" या शब्दात बसत नाहीत.

६२ सगळ्यात परवडणारा, पण तो २४०-२६० पर्यंतच धरतो आणि उन्हात मध्यम. घरात वापरायचे पाण्याचे मग, छोटे डबे, झाकणं, तिथे ठीक. १८३ आणि १९१ दोन्ही लालसर, दोन्ही ३०० च्या आसपास टिकतात, उजेडालाही चांगले, आणि यांचा एक गुण फार कोणी सांगत नाही तो म्हणजे एचडीपीईमध्ये माल वाकडा होत नाही. काही ऑरगॅनिक पिगमेंटं एचडीपीईच्या क्रिस्टलमध्ये ढवळाढवळ करतात, मग क्रेट किंवा मोठं झाकण थंड होताना एका बाजूने जास्त आवळतं आणि झाकण बसतच नाही, लोक मोल्डला शिव्या देत बसतात. १८३-१९१ मध्ये हा ताप नाही, १८० मध्येही नाही. दोष एकच, ताकद कमी. जिथे १८० चिमूटभर लागतो तिथे १८३ मूठभर.

१८० मध्यम ते हिरवट पिवळा, २९० पर्यंत टिकतो, ताकद भरपूर. किलोचा भाव ऐकून लोक मागे सरकतात, आणि इथेच चूक होते. हा हिशोब करून बघा, आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचा भाव तुम्ही टाका. २५ किलोची प्लास्टिकच्या दाण्याची एक गोणी, ५० ग्रॅमचा डबा, म्हणजे ५०० डबे. समजा १८३ नऊशे रुपये किलो आणि त्या शेडला गोणीला ६० ग्रॅम लागला, झाले ५४ रुपये. १८० सोळाशे रुपये किलो पण ३० ग्रॅमच लागला, झाले ४८. महागडा स्वस्त निघाला. आणि १४ पाचशे रुपये किलोने २५ ग्रॅम धरला तर साडेबारा रुपये, म्हणजे १८० पेक्षा गोणीला साडेपस्तीस रुपये वाचले, डब्याला सात पैसे. आता दाणा शंभर रुपये किलो धरा, एका डब्यात पाच रुपयांचा दाणा. आठ डबे करपून गेले की चाळीस रुपये गेले, सगळी बचत आणि वर साडेचार रुपये. माझे त्या दुपारी एका जेवणाच्या सुट्टीत आठ गेले होते. करपलेला माल ग्राइंड करून परत टाकू म्हणाल तर टाका, पण तो पिवळ्यात जात नाही, काळ्यात नाहीतर चॉकलेटीत जातो.

म्हणून माझं मत विचाराल तर पीपी-एचडीपीईला हिरवट किंवा मधला पिवळा पाहिजे असेल तर १८०, डोळे झाकून. काळीपिवळी टॅक्सीच्या टपासारखा लालसर पाहिजे असेल तर १९१, आणि १९१ चा चांगला भाव नसेल मिळत तर १८३. १८० घेऊन त्यात थोडा लाल टाकून लालसर करायचा उद्योग बरेच जण करतात, चालतो, पण मग दोन पिगमेंटं सांभाळा, दर लॉटला शेड इकडे तिकडे.

उन्हातला माल असेल, गच्चीवरची खुर्ची, रस्त्यावरचा बॅरिकेड, तर वरचं सगळं विसरा आणि ११० कडे जा, लालसर, ऊन-पावसाला फार पक्का, भाव मात्र चांगलाच चढा. पण एचडीपीईच्या मोठ्या सपाट मालात तो आवळण्याचा त्रास देतो हे लक्षात ठेवून मोल्डरशी आधी बोला. १३९ थोडा स्वस्त आणि दिसायला सुंदर, पण २४० च्या वर त्याचा भरवसा धरू नका.

टायटॅनियमचं, म्हणजे पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइड पावडरचं, एक राहिलं. ऑरगॅनिक पिवळं पिगमेंट बहुतेक आरपार दिसणारं असतं, डबा आरपार दिसू नये म्हणून टायटॅनियम टाकावंच लागतं, आणि फिकट शेड केली की तेच पिगमेंट उष्णतेला आणि उन्हाला दोन्हीकडे कमी टिकतं. शेडकार्डावर गडद शेडचा आकडा बघून मोतिया रंगाचा डबा बनवायला घेऊ नका. रिप्रो दाणा, म्हणजे भंगार प्लास्टिक वितळवून परत केलेला, वापरत असाल, धारावीचा वगैरे, तर अजून एक गंमत, तो दाणा करडा असतो आणि करड्यावर हिरवट पिवळा टाकला की शेवाळ्यासारखा मळका हिरवा दिसतो. तिथे लालसर पिवळाच घ्या आणि टायटॅनियम वाढवा.

बाजारात अजून दोन गोष्टी गळ्यात मारतील. एक क्रोम यलो, स्वस्त, झाकणशक्ती मस्त, पण तो शिशाचा आहे. खाण्याचा डबा किंवा खेळणं असेल तर हातही लावू नका, खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा मार्क सक्तीचा आहे आणि त्यांच्या आयएस ९८७३ या मानकात शिशाची तपासणी होते, खाद्यपदार्थांच्या प्लास्टिकच्या रंगांसाठी आयएस ९८३३ आहे, त्या यादीत तुमचा नंबर बसतो का हे पिगमेंटवाल्याकडून लेखी घ्या. दुसरं सॉल्व्हंट यलो, हा डाय आहे म्हणजे प्लास्टिकमध्ये विरघळणारा रंग, पिगमेंटसारखी न विरघळणारी पावडर नाही. पॉलिस्टायरीन, अॅक्रिलिकला काचेसारखा चमकतो, पण पीपी-पॉलिथिनमध्ये टाकलात तर बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या हाताला लागणार.

घ्यायच्या आधी अर्धा किलो सॅम्पल घ्या, पाच किलो नको. मशीनवर चकतीचा पहिला शॉट काढून बाजूला ठेवा, मग तुमच्या नेहमीच्या टेंपरेचरला माल बॅरलमध्ये पाच मिनिटं थांबवून पुढचा शॉट, मग २० डिग्री वाढवून परत पाच मिनिटं. तिन्ही चकत्या खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरा, ट्यूबलाइटखाली नको. डाग तपासायला पांढऱ्या मऊ पीव्हीसीचा तुकडा चकतीवर ठेवून दोन काचांमध्ये दाबा, वर वजन, आणि ८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये एक दिवस. पांढरा तुकडा पांढरा निघाला तर माल घ्या, आणि त्या सॅम्पलच्या पुडीवरचा बॅच नंबर चकतीच्या मागे लिहून कपाटात ठेवा, पुढच्या लॉटला दुकानदार "तोच माल आहे साहेब" म्हणाला की ती चकती काढायची.