रोजचं पवित्र शास्त्र वाचन: वर्षभराची योजना, एकच पुस्तक की मननपुस्तिका?

माझ्या जुन्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, घडी घातलेला एक तक्ता अजून आहे. वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचायचं, असा तो तक्ता. जानेवारीच्या सगळ्या चौकटींत पेन्सिलीच्या खुणा आहेत. फेब्रुवारीत त्या ११ तारखेपर्यंत पोचतात आणि तिथून पुढे कागद कोरा. त्या वर्षी नंतर मी वाचलंच नाही असं नाही, पण वाचायला बसलं की आधी त्या रिकाम्या चौकटी दिसायच्या. प्रभूपुढे बसण्याऐवजी थकलेला हप्ता भरायला आल्यासारखी मी बसायचे.

म्हणून कोणी विचारलं की रोजच्या वाचनासाठी कुठली पद्धत धरू, तर मी उलट विचारते: एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ती पद्धत तुमच्याशी कशी वागते? आणि पुस्तक मिटल्यावर प्रार्थनेत घेऊन जावं असं काय हाती उरतं? रोज किती पानं होतात हा प्रश्न माझ्या मते त्यानंतरचा. खालच्या सगळ्या पद्धती मी या दोन प्रश्नांवर पारखल्या आहेत.

वर्षभरात संपूर्ण शास्त्र

प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. म्हणजे रोज साधारण सव्वातीन अध्याय. कॅथलिक शास्त्रात ७३ पुस्तकं असल्यामुळे रोजचा भाग थोडा वाढतो. संपूर्ण शास्त्र मोठ्याने वाचायला सत्तर-ऐंशी तास लागतात, त्यामुळे नुसतं ऐकायचं ठरवलं तर दिवसाला बारा-तेरा मिनिटं पुरतात. वेळ ही अडचण नाहीच.

अडतं ते वेगळ्या जागी. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात, निर्गमातल्या पीडा आणि तांबडा समुद्रही. मग २३ जानेवारीच्या आसपास निर्गमाचा पंचविसावा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: फळ्या, पडदे, कड्या, खांब. त्या आठवड्याच्या अखेरीला लेवीय उघडतं, अर्पणांचे आणि शुद्धीचे २७ अध्याय. नव्या वर्षाचा उत्साह नेमका याच सुमारास ओसरलेला असतो.

तरीही लेवीय गाळून पुढे जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. लेवीयच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीने आणायच्या अर्पणाचा नियम आहे: एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी. पण तिला कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं चालतील, अशी सवलत शेवटच्या वचनात दिली आहे. हे वाचून ठेवलं आणि महिन्यांनी लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात आलं, की मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात आलेले दिसतात. लूक त्यांच्या गरिबीबद्दल चकार शब्द काढत नाही, अर्पण काय होतं तेवढं सांगतो: दोन पक्षी. ज्यानं लेवीय वाचलंय त्याला तिथं समजतं की कोकरू घेण्याची या घराची ऐपत नव्हती. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसून होते. अख्खं शास्त्र वाचण्याचा खरा लाभ हा.

चुकलेल्या दिवसाशी मात्र ही पद्धत कठोर वागते. एक आठवडा गेला की २३ अध्याय अंगावर येतात. त्यांचा पाठलाग करू नका. आजची तारीख काढा, आजचा भाग वाचा. राहिलेलं पुढच्या फेरीत येईल. ज्यांना असं सोडून देणं जमत नाही, मनाला टोचत राहतं, त्यांनी ही योजना पहिल्या वर्षी घेऊ नये. आणि प्रार्थनेत न्यायचं म्हटलं तर चार अध्यायांतून नेमकं काय उचलावं हेच कळत नाही. वाचून झाल्यावर एक वचन मुद्दाम निवडून लिहून ठेवावं लागतं.

याच जातीची एक जुनी योजना रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकांनी १८४२ साली डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, केली. रोज चार ठिकाणचे चार भाग वाचायचे. १ जानेवारीला उत्पत्ति, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. रुक्ष भाग आला तरी त्याच दिवशी शुभवर्तमान किंवा एखादं पत्र सोबतीला असतं, त्यामुळे लेवीयात गाडी रुतत नाही. पण रोज चार वेगवेगळ्या काळांत उड्या माराव्या लागतात आणि नवख्या वाचकाला संदर्भ सांभाळणं जड जातं. मॅकशेन पुढच्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी, प्रभूकडे गेले. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो आणखी एका कारणासाठी. योजना देतानाच त्यांनी तिचे धोके लिहून दिले होते: वाचन नुसता उपचार होणं, आपण फार धार्मिक आहोत असं वाटू लागणं, बेफिकिरीने वाचणं, आणि न पेलणारं जू मानेवर येणं. कुठलीही योजना हाती घेण्याआधी हे चार धोके एकदा वाचावेत.

एकच पुस्तक, सावकाश

सवय अजून लागलेलीच नाही, त्याला मी हाच मार्ग सुचवते आणि सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करायला सांगते. १६ अध्याय आहेत. दिवसाला अर्धा अध्याय घेतला तर ३२ दिवस लागतात. मार्कची गती वेगवान आहे, ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्यात चाळीसेक वेळा येतो. त्यामुळे थोडं वाचलं तरी काहीतरी घडलेलं असतं.

सावकाश वाचण्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ आहे. लाटा नावेवर आदळताहेत, नाव पाण्याने भरत चालली आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. ही उशी मत्तय सांगत नाही, लूकही सांगत नाही. फक्त मार्क सांगतो. वार्षिक योजनेच्या वेगात ती मला कधी दिसलीच नव्हती. अर्ध्या अध्यायावर थांबले तेव्हा दिसली, आणि शिष्य ओरडून विचारतात की आम्ही बुडतोय याची तुला काही काळजी नाही का, तो प्रश्नही पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या आठवड्यात माझ्याकडे तोच प्रश्न होता. शास्त्रात तो आधीच विचारलेला आहे आणि विचारणाऱ्यांना नावेतून कोणी उतरवलं नाही, हे पाहिल्यावर मला तो मोठ्याने विचारता आला.

पत्रांसाठी याचंच दुसरं रूप चांगलं लागू पडतं. फिलिप्पैकरांस पत्राचे चारच अध्याय आहेत, पंधरा मिनिटांत एका बैठकीत होतात. ते सलग दोन आठवडे रोज पूर्ण वाचा. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येईल. आठव्या दिवसापासून आनंदाचा उल्लेख कुठे कुठे येतो ते आपोआप दिसू लागेल, आणि हे लिहिणारा पौल बंदिवासात आहे हेही मनात राहील.

दिवस चुकला तर इथे काहीच बिघडत नाही. खूण जिथे ठेवली तिथेच असते. ही पद्धत टिकते त्याचं मुख्य कारण तेच. तिचा दोष असा की आवडीच्या तीन-चार पुस्तकांतच माणूस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आमोस, हबक्कूक, विलापगीत यांची गाठच पडत नाही. नव्या कराराचं एक पुस्तक झालं की जुन्याचं एक, एवढा साधा नेम ठेवला तर हा दोष बराच आवरतो. मार्कनंतर चार अध्यायांचं रूथ घ्या.

मननपुस्तिका आणि रोजचं एक वचन

पाच मिनिटांचं वाचन: वर एक वचन, खाली एखादा प्रसंग, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. ही परंपरा मोठी आहे. जर्मनीत हेर्नहूट इथल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या विश्वासणाऱ्यांनी दर दिवसासाठी एका वचनाची छापील पुस्तिका १७३१ साली काढली आणि ती आजही निघते. तिच्यात जुन्या करारातलं वचन चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि नव्या करारातलं त्याला जुळेल असं शोधतात. आजारपणात, बाळंतपणानंतर, कामाच्या रेट्यात, जेव्हा खरोखरच पाच मिनिटंच हाती असतात, तेव्हा अशा पुस्तिकेने कित्येकांचा धागा तुटू दिलेला नाही. दिवस चुकला तर पान उलटायचं, बाकी काही नाही.

माझी तक्रार एकटं काढलेल्या वचनाबद्दल आहे. यिर्मया २९:११ घ्या. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत. रोजच्या वचनांत हे वारंवार भेटतं, आणि बहुतेकदा नव्या नोकरीच्या किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी. आता त्याच्या वरचं, दहावं वचन वाचा. ते बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात म्हटलंय की सत्तर वर्षं झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यांच्यातले बहुतेक प्रौढ परतणार नव्हते. त्याआधी त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वचन खोटं ठरत नाही, उलट फार खोल जातं. पण एकटं वाचलं तर ही खोली हाती लागत नाही.

म्हणून पुस्तिका घ्यायची असेल तर शास्त्र शेजारी उघडून बसा आणि वचनाच्या वरची दहा, खालची दहा वचनं वाचा. तीन मिनिटं जास्त जातील. तुमची तुम्हाला परीक्षाही करता येते: दुपारी आठवून पाहा, सकाळचं वचन आठवतंय की लेखकाने सांगितलेला प्रसंग? आठवड्यातले पाच दिवस प्रसंगच आठवत असेल तर एकच पुस्तक धरायची वेळ झाली आहे.

मंडळीची वाचनमाला

ज्यांच्या मंडळीत ठरलेली वाचनं असतात त्यांनी वेगळी योजना शोधण्याआधी ती वापरून पाहावी. कॅथलिक वाचनमाला १९६९ मध्ये नव्याने बांधली गेली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात, रोजची दोन वर्षांच्या. पहिल्या वर्षी रविवारी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहान पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत, आणि अधूनमधून. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या रविवारसाठी १९९२ची अशीच तीन वर्षांची माला वापरतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर याला तोड नाही. तुम्ही आजारी पडलात तरी मंडळी वाचत असते आणि परत आलात की तुम्ही आजच्या दिवसात सामील होता. उणीव एवढीच की भाग निवडलेले असतात, मधलं गाळलेलं असतं.

प्रार्थना आधी की वाचन आधी

पद्धत कुठलीही असो, हा प्रश्न येतोच. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर वर्षानुवर्षं सकाळी उठल्याबरोबर प्रार्थना करायला बसत. १८४१ साली त्यांनी लिहून ठेवलं की मन भटकायचं, कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास जाई, तेव्हा कुठे प्रार्थना सुरू होई. पुढे ते आधी वचनावर मनन करू लागले आणि त्यातूनच प्रार्थना आपोआप निघू लागली. मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि म्यूलर यांच्याशी सहमत आहे. मनन म्हणजे डोळे मिटून विचार करणं, असं आपण धरून चालतो. पहिल्या स्तोत्रात मनन करण्यासाठी जो इब्री (हिब्रू) शब्द आहे त्याचा अर्थ पुटपुटणं असाही होतो. यशयात तोच शब्द सिंहाच्या गुरगुरण्याला वापरला आहे. तेव्हा ओठ हलवत वाचा. मन भटकणं निम्म्याने कमी होतं.

प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील त्या दिवसांसाठी स्तोत्रं. रोज पाच घेतली तर १५० स्तोत्रं महिन्यात होतात. १६६२च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही ती सकाळ-संध्याकाळ अशी तीस दिवसांत वाटलेली आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ज्याला तसं वाटतंय त्याने ते तसंच वाचावं.

कागद, मोबाइल की कान

मोबाइलवर योजना सांभाळणं सोपं, पण वाचन सुरू असताना वरून एक संदेश उतरला की मन गेलंच. मी कागदाच्या बाजूने आहे. मोबाइलवरच वाचणार असाल तर तेवढा वेळ नेट बंद ठेवा. ज्यांची नजर अधू झाली आहे किंवा ज्यांना वाचनाचा सराव नाही त्यांनी ऐकण्याला कमी लेखू नये. अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे १५५१ साली मिळाले, आणि त्याआधी शतकानुशतकं बहुतेक विश्वासणाऱ्यांनी शास्त्र ऐकलंच होतं.

खुणांचा तक्ता मी आता ठेवत नाही. ज्या दिवशी वाचते त्या दिवशी समासात, जिथे थांबले तिथे, पेन्सिलीने तारीख टाकते. माझ्या मार्कच्या चौथ्या अध्यायाशेजारी आता तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत चौदा महिन्यांचं अंतर आहे, पण त्या मधल्या दिवसांसाठी समासात कुठलीच चौकट नाही.