आईसाठी ‘सपोर्ट ॲट होम’: सहा महिने वापरल्यावर

‘सपोर्ट ॲट होम’ ही वृद्धांना घरच्या घरी मदत देणारी ऑस्ट्रेलियन सरकारची योजना. तिचा अनुभव कसा आहे, हे मंडळाच्या गणपतीत चार जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टारनीटला राहतो. आई ७८ वर्षांची, मधुमेह, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. २०१२ पासून इथेच आहे, त्यामुळे दहा वर्षं राहण्याची अट पुरी होऊन इथलं सरकारी पेन्शन पूर्ण मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ ला जुनी होम केअर पॅकेजेस जाऊन ही योजना आली आणि ‘माय एज्ड केअर’ या सरकारी सेवेला (१८०० २०० ४२२) फोन केल्यावर, किती मदत लागते हे ठरवणारं आईचं मूल्यमापन त्याच महिन्यात झालं.

पहिली चूक आमचीच. मूल्यमापनाला बाई येणार म्हणून आई इस्त्रीची साडी नेसून बसली. त्या आल्यावर उठली, चहा टाकला, बशीत चकल्या काढल्या. “आंघोळ स्वतः करता?” हो. “स्वयंपाक?” हो, त्यात काय एवढं. परक्या माणसापुढे घरचं रडगाणं गायचं नाही, ही तिची मिरजेची शिस्त. भाषांतर मीच करत होतो, आणि तिच्यासमोर ‘हिला जमत नाही’ म्हणायला माझीही जीभ रेटेना. मदतीच्या आठ पातळ्यांपैकी दुसरी मिळाली. म्हणजे तिमाहीला सुमारे ४,००० डॉलर, त्यातले १० टक्के केअर मॅनेजमेंटला, म्हणजे सेवांची आखणी-देखरेख करण्याला, आधीच वजा. वर रांग होतीच. मदतीची बाई घरी यायला मार्च उजाडला.

पैशांचं थोडक्यात: नर्स, फिजिओ यांना आपल्या खिशातून काही नाही. आंघोळ घालणं, डॉक्टरकडे नेणं यात पूर्ण पेन्शनवाल्याचा वाटा ५ टक्के; साफसफाई, बागकाम, जेवण यात साडेसतरा. बाई पाठवणाऱ्या आमच्या कंपनीचा दर ताशी शंभर डॉलरच्या आसपास. आईने हिशेब केला आणि “केरफरशीला साडेसतरा डॉलर? मी बसून पुसते” म्हणून ते काम बंद करायला लावलं. ज्यांच्या आईवडिलांना अजून पेन्शन नाही, त्यांनी उत्पन्नाचा फॉर्म टाळू नका. माहिती दिली नाही तर सर्वांत वरचा दर लागतो, ५ च्या जागी ५० आणि साडेसतराच्या जागी ८० टक्के.

खरा त्रास झाला तो वेळेचा. आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय आई तोंडात घास घालत नाही. बाईची वेळ साडेआठची, प्रत्यक्षात नऊ, साडेनऊ, आणि दर वेळी नवा चेहरा. एप्रिलमध्ये एकदा सव्वादहा वाजले तरी कोणी नाही. आईने मधुमेहाची गोळी डब्यातून वेळेवर घेतलेली, नाश्ता मात्र आंघोळीसाठी थांबलेला. बायको योगायोगाने लवकर घरी आली तर आई घामाघूम, हात थरथरत होते, साखर ३.६ (भारतातल्या मापात ६५). कंपनीचं उत्तर: रोस्टरिंगचा (कामाच्या वेळापत्रकाचा) घोळ, क्षमस्व. मी तीनदा सांगितलं होतं की हा आमच्या घरचा सोवळ्याचा भाग आहे. त्यांनी तो ‘आवडीनिवडी’च्या रकान्यात टाकला होता. मग जीपीकडून (आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून) दोन ओळी आणल्या की आंघोळीची वेळ मधुमेहाच्या औषधाशी जोडलेली आहे. पुढच्या सोमवारपासून आठ म्हणजे आठ. देवाचं नाव घेऊन जे झालं नाही ते साखरेचं नाव घेऊन झालं. हे लक्षात ठेवा.

आता एक नेपाळी मुलगी येते, इथे शिकायला आलेली. आईला ‘आमा’ म्हणते. सुरक्षेच्या नियमामुळे बूट काढता येत नाहीत, म्हणून दारातच बुटांवर निळी कव्हरं चढवते; आधीच्या दोघी तशाच देवघरापर्यंत आल्या होत्या. आईला शॉवर आवडत नाही, तिला बादली आणि तांब्या हवा. भरलेली बादली उचलायची या लोकांना परवानगी नाही. तर ही रिकामी बादली खुर्चीशेजारी ठेवते, शॉवरच्या नळीने तिथेच भरते आणि तांब्या आईच्या हातात देते. असल्या गोष्टी कुठल्याही केअर प्लॅनमध्ये नसतात. ती रजेवर गेली की आई आंघोळीला ‘आज नको’ म्हणते.

जूनमध्ये पुन्हा मूल्यमापन मागितलं. या वेळी मराठी दुभाषी मागून घेतला (टीआयएस ही सरकारी दुभाषी सेवा, १३१ ४५०, आपल्याला पैसे पडत नाहीत). आधीच बजावून सांगा, नाहीतर ‘इंडियन’ म्हणून हिंदी बोलणारं कोणीतरी देतात. फोनवर दुभाषी बाई होत्या, बोलण्यावरून विदर्भातल्या असाव्यात. मला स्वयंपाकघरात पाठवलं. पाऊण तास आई बोलत होती, मध्ये हसलीही.

आत काय बोलणं झालं ते मला पुढे पत्रात वाचायला मिळालं: रात्री लघवीला उठताना भिंत धरून जाते, हिवाळ्यात दोनदा पडली, मुलाला सांगितलेलं नाही. तिसरी पातळी मंजूर झाली, तिमाहीला जवळपास ५,५०० डॉलर. ते वाढीव पैसे अजून रांगेत आहेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर योजनेला चार, आमच्या कंपनीला अडीच, त्या मुलीला पाच. संडासात पकडायचा दांडा मात्र बसला. तो तिमाहीच्या पैशांतून नाही, घरातल्या बदलांसाठी वेगळा निधी असतो त्यातून. आई त्याच्यावर पंचा वाळत घालते.