वंशशोध: पडद्यावरच्या दोन वाटा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणं उरकली की आई आणि मी पूर्वजांचा शोध घेणारे दोन टीव्ही कार्यक्रम आलटून पालटून बघतो.

बीबीसीचा ‘हू डू यू थिंक यू आर?’ २००४ सालचा. त्यात पाहुणा स्वतः गावोगाव फिरतो, दफ्तरखान्यात जुन्या नोंदी चाळतो. अभिनेता डॅनी डायर असाच शोधत शोधत थेट इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डपर्यंत पोहोचला.

अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीवरच्या ‘फाइंडिंग युवर रूट्स’मध्ये (२०१२पासून) प्राध्यापक हेन्री लुई गेट्स पाहुण्यापुढे सगळा शोध बांधीव पुस्तकात तयार ठेवतात. जोडीला डीएनए चाचणी. त्यातूनच विनोदी अभिनेता लॅरी डेव्हिड आणि राजकारणी बर्नी सँडर्स नातलग निघाले. गुलामगिरीत ज्यांच्या पूर्वजांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांना या चाचणीचा मोठाच आधार आहे.

मला तरी पहिलाच जवळचा. गेल्या वर्षी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांनी वही उघडली आणि पणजोबांची मोडीतली सही समोर आली. शाई तपकिरी पडलेली, शेवटचं अक्षर लांबवलेलं. आई त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. हातात तयार पुस्तक मिळालं असतं तर ती अशी बसली असती का? शनिवारी आम्ही मराठी ग्रंथ संग्रहालयात जाणार आहोत, घराण्याचा कुलवृत्तांत मिळतोय का बघायला.