‘दाप्रे’ या एका शब्दाने माझे 2,650 युरो खाल्ले

लिहू की नको यात चार महिने गेले. नातेवाइकांना कळलं तर “चौदा वर्षं तिकडे राहून हे?” हे वाक्य ठरलेलं, म्हणून गप्प होतो. पण परवा ऑफिसातल्या नागपूरकर मित्राने मोबाइलवर एका ब्राँझच्या पुतळ्याचा फोटो दाखवून “घेऊ का रे?” विचारलं. म्हटलं, लाज गेली तरी चालेल, आता सांगायलाच हवं.

मी पॅरिसच्या उपनगरात राहतो. कलेतलं फार कळतं असा माझा दावा नाही, पण लूव्हरमध्ये पाहुण्यांना घेऊन इतक्या वेळा गेलोय की एका वाघाशी माझी ओळखच झाली. गंगेतल्या सुसरीला फाडून खाणारा वाघ. 1831 च्या प्रदर्शनात गाजलेलं काम. गंगा शब्द वाचून थांबलो तो थांबलोच. शिल्पकार आंत्वान-लुई बारी (आपल्या दर्शनबारीतली बारी, तोच उच्चार). सोनाराचा मुलगा, स्वतःही सोनाराकडेच हात तयार झालेला, आणि पॅरिसच्या प्राणिबागेत बसून जनावरं चितारत राहिलेला. त्याचंच 1843 चं ‘थीसियस आणि मिनोटॉर’. ग्रीक पुराणकथेतला बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर नायक थीसियसला विळखा घालून लोंबकळतोय आणि हा पठ्ठ्या शांत चेहऱ्याने तलवारीचं टोक त्याच्या डोक्यावर रोखून उभा. तो घरात असावा असं मला वाटत होतं. यात हाव कुठे आली?

गोची अशी की बारीचे पुतळे एकेकच नाहीत. 1848 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, साचे धनकोच्या हाती गेले. 1875 मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी मूळ नमुन्यांचा लिलाव झाला, त्यातले बरेच बार्बेदिएन या ओतारी कारखान्याने घेतले आणि पुढे अनेक वर्षं पुतळे ओतत राहिला. म्हणजे मेल्यानंतरची ओतकामंही बाजारात ‘चांगली’ धरली जातात. भामट्याला आणखी काय पाहिजे?

जाहिरात नेहमीचीच. आजीचं घर रिकामं करतोय, 19व्या शतकातला बारी, महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्यात. फोनवर आवाज सभ्य. “आणखी दोघे विचारताहेत” हेही झालं. मी 350 युरो विसार बँकेतून पाठवला आणि शनिवारी ट्रेनने गेलो. घर खरोखर रिकामं होत होतं हो! भिंतींवर चित्रं काढल्याचे फिकट चौकोन, दारात खोकी. गृहस्थ साठीचे, कॉफी दिली. समोर असं दृश्य असताना संशय कुणाला येईल?

मला येऊन गेला, हेच तर जळतं. मी पुतळा उलटा केला. पोटात फुलीचा स्क्रू. चकचकीत. 19व्या शतकात फुलीचे स्क्रू नव्हते हे मला, इंजिनियरला, माहीत आहे. मी स्वतःलाच समजावलं, मध्ये कधीतरी दुरुस्ती झाली असेल. मग पायाची बोटं पाहिली. नखं अंगठ्याने दाबून पुसल्यासारखी, मिनोटॉरच्या मानेवरचे केस ओल्या साबणावर कोरल्यासारखे. सोनाराकडे शिकलेला माणूस असं काम सोडेल? हा प्रश्न त्याच क्षणी मनात आला होता. पण मी खिशातून काय काढलं, तर लोहचुंबक! तो चिकटला नाही म्हणून मी खूश. अरे, तो लोखंडाला चिकटतो, लबाडीला नाही.

2,300 युरो रोख मोजले. इथे खाजगी व्यवहारात 1,500 च्या वर लेखी लागतं, म्हणून मीच पावती मागितली. त्याने आनंदाने लिहिली: ‘ब्राँझ, दाप्रे बारी’. म्हणजे ‘बारीवरून’, त्याच्या कामावरून केलेला. मी वाचलं, कळलंही. वाटलं, मरणोत्तर ओतकाम म्हणजे ‘बारीवरून’च की. सही केली.

नंतर एका लिलावघरात फुकट तपासणी असते तिथे नेला. बाईंनी चार मिनिटं घेतली. खऱ्या पुतळ्यावरूनच साचा काढून अलीकडे ओतलेला. तापलेलं ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आक्रसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा लहान होते. माझा थीसियस आठ मिलिमीटर बुटका निघाला. सही? साच्यात सहीही उतरते, कारखान्याचं नावही उतरतं. तेव्हा नाव वाचू नका, नावाच्या कडा बघा, त्या नखांसारख्याच पुसट आहेत का ते. किंमत 150 ते 200 युरो. त्या 2,650 च्या वर माझे प्रवासाचे 38.60 आणि त्याच्यासाठी आधीच करून घेतलेल्या लाकडी बैठकीचे 145. बेरीज 2,833.60.

आता पोलिसांचं ऐका. दोन तास चाळीस मिनिटं बाकावर. मग दोन बोटांनी टाइप करणारा तरुण हवालदार, त्याने मिनोटॉरचं स्पेलिंग मलाच तीनदा विचारलं. पावती पाहून म्हणाला, इथे ‘दाप्रे’ लिहिलंय, तुम्ही सही केलीय, फसवणूक कुठे झाली? कलावस्तूंच्या विक्रीतल्या फसवणुकीबद्दलचं 3 मार्च 1981 चं सरकारी फर्मान मी छापून नेलं होतं. त्यातच लिहिलंय की ‘दाप्रे’ म्हटलं की कलाकाराची किंवा काळाची खास हमी नाही! म्हणजे कायदा त्याच्या बाजूने. पण त्याच फर्मानात हेही आहे की नव्या नकलेवर ‘रेप्रोद्युक्सियों’ असं न पुसणारं ठळक लिहायलाच हवं. ते दाखवलं तर म्हणे, ही 1981 नंतर ओतली हे सिद्ध करा. तपास कुणी करायचा, मी? जाहिरातीत तर 19वं शतक होतं, म्हटलं. जाहिरात दाखवा. ती त्याच रात्री गायब झालेली. स्क्रीनशॉट काढा रे बाबांनो, विसार पाठवायच्या आधी काढा! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहकांच्या तक्रारी घेणारे म्हणाले, विक्रेता दुकानदार नाही, आमच्याकडे येत नाही. जाहिरातवाल्या साइटने “आपला अनुभव कसा होता?” म्हणून पाच चांदण्या पाठवल्या. आणि तीन महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कचेरीतून चार ओळींचं पत्र आलं: ‘क्लासे सां सुइत’. पुढे काही नाही, फाइल बंद. आपल्याकडे निदान कुणी तरी “साहेब, बघतो” एवढं तरी खोटं बोललं असतं.

मित्राच्या मोबाइलवरच्या फोटोत तळ दिसतच नव्हता. त्याला सांगितलं, आधी तळाचा फोटो मागव, उंची मिलिमीटरमध्ये मागव, आणि पावतीवर ‘दाप्रे’ आला तर तिथूनच उठ. कॉफीसुद्धा पिऊ नकोस.

पुतळा अजून बैठकीवर उभा आहे. सौ. धूळ पुसताना त्याला ‘अडीचहजारी सरदार’ म्हणते. वरचे दीडशे ती माझ्या नावावर धरते.