लिंच-बाज २००५: वाईन एक नंबर, पण सुरमईसोबत नको

मावसभावाने फ्रान्सहून शातो लिंच-बाज या रेड वाईनची २००५ ची बाटली आणलेली, ती मे महिन्यात गुहागरला सगळे जमलो तेव्हा उघडली. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोयाक गावची ही द्राक्षमळ्याची इस्टेट, तिकडच्या इस्टेटींचा दर्जा ठरवणाऱ्या १८५५ च्या यादीत पाचव्या श्रेणीत, पण जाणकार तिला त्याच्या बरंच वर धरतात आणि मलाही ते पटलं. १९३९ पासून मालकी काझ कुटुंबाकडे आहे. २००५ साली तिकडे पाऊस कमी झालेला त्यामुळे द्राक्षं दाट रसाची, आणि त्यात मुख्य जात कॅबरने सोव्हिन्यों, म्हणजे वाईन बरीच वर्षं टिकणार हे नक्कीच.

बूच जुनं, अर्धं तुटून आतच राहिलं, मग स्टीलच्या चहाच्या गाळणीतून हळूहळू जगमध्ये ओतली, तळाचा गाळ बाटलीतच ठेवला. ग्लास तिरका केला तर मधे गडद लाल आणि कडेला विटकरी. आधी वास बंद बंदच होता, तासाभराने जो काय सुटला... काळ्या मनुका, सिगारच्या डब्याचं लाकूड, थोडं चामडं. चव मऊ तरी शेवटी जिभेवर तुरटपणा राहतो, आवळा खाल्ल्यावर राहतो तसा.

तळलेल्या सुरमईबरोबर घेतली तर तोंडात लोखंडी चव, अजिबात जमलं नाही बुवा. मटण सुक्क्यासोबत मात्र जबरदस्त, फक्त तिखट कमी हवं.

आणि हो, आपल्याकडच्या उकाड्यात प्यायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवाच, १६ ते १८ डिग्रीला बरी लागते, नाहीतर नुसती दारूच जाणवते.