पोलंड ते कझाकस्तान, एकाच पोत्यात : एका निर्यात प्रशिक्षणाविषयी

कळमना बाजारातून मिरची घ्यायची आणि तिची पूड परदेशी पाठवायची, असा विचार गेल्या वर्षापासून मनात असल्याने, पूर्वीच्या साम्यवादी देशांतील बाजारपेठांविषयी नागपुरात झालेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मी साडेसात हजार रुपये भरले. सिव्हिल लाइन्समधील सभागृह आणि जेवण यांविषयी काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते पहिल्या दिवसाविषयी.

त्या दिवशी पोलंडपासून कझाकस्तानपर्यंतचे सारे देश एकाच पोत्यात भरण्यात आले. ‘तिकडे ओळखीशिवाय काम होत नाही’ हे वाक्य चार वेळा ऐकले. (‘कळमन्यात तरी कुठे होते?’ असे शेजारी बसलेले उमरेडचे गृहस्थ पुटपुटले.) प्रत्यक्षात पोलंडने 1 जानेवारी 1990 पासून आर्थिक सुधारणांचा धडाका लावला आणि 1 मे 2004 रोजी तो युरोपीय संघात गेला, रशियाने 2 जानेवारी 1992 रोजी बहुतेक किमती खुल्या केल्या, पण ऑगस्ट 1998 मध्ये त्याचे कर्ज थकले व रूबल कोसळला, कझाकस्तान 2015 पासून रशियासोबत युरेशियन आर्थिक संघात आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ इतिहास नव्हे, कारण माल कोणत्या नियमाखाली तपासला जाईल हे त्यावरूनच ठरते. पोलंडला जाणाऱ्या मिरचीत एकूण अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारे विष) किलोमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि आपल्याकडे ओलसर जमिनीवर वाळवलेल्या मिरचीचे नेमके तिथेच अडते. यावर अवाक्षर नाही. उलट पडद्यावर पोलंडचे चलन युरो असे दाखवले गेले. तिथे आजही झ्लॉटी चालतो, हे श्रोत्यांपैकी एकाला सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी मात्र निर्यातीची कागदपत्रे हाताळण्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ बोलले, आणि भरलेले पैसे त्या पाच तासांत वसूल झाले. पोलंडमधील कंपन्यांची न्यायालयीन नोंदवही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते आणि कंपनीच्या वतीने सही कोणी करायची, एकट्याने की दोघांनी मिळून, हेही तिच्यात लिहिलेले असते, हे त्यांनी समोर उघडून दाखवले. कंपन्यांना गोल शिक्का ठेवण्याची सक्ती रशियाने 2015 मध्ये काढली असली, तरी कागद हातात घेणारा माणूस आधी शिक्काच शोधतो, हे त्यांनी हसत सांगितले. सर्वांत मोलाचा मुद्दा कझाकस्तानचा होता. तेथे लागणारी अनुरूपतेची घोषणा, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो असे लेखी जाहीर करणारा कागद, युरेशियन आर्थिक संघातच नोंदणी असलेल्या व्यक्तीच्या वा कंपनीच्या नावाने करावी लागते. ती आपल्या खरेदीदाराच्या नावावर झाली आणि उद्या खरेदीदार बदलला, तर कागद जुन्याकडेच राहतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून त्यासाठी वेगळा प्रतिनिधी नेमावा, आणि त्याचा खर्च भाव ठरवतानाच धरावा, असा त्यांचा सल्ला होता.

पैशांच्या बाबतीतही ते स्पष्ट होते. सोव्हिएत काळात खरेदी तिथल्या सरकारी संस्था करीत आणि हिशेब रुपयांत होई, त्यामुळे पैसे बुडण्याची चिंता जवळपास नसे. आता समोर खासगी खरेदीदार असतो, तेव्हा पहिल्या व्यवहाराला एलसी (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) किंवा आगाऊ रक्कम, आणि उधारी द्यायचीच झाली तर ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा, याखेरीज माल हलवू नये, असे त्यांनी बजावले.

सोबत दिलेल्या नमुना कराराविषयी मात्र सावध राहावे. तो इंग्रजी आणि रशियन अशा दोन भाषांत आहे, पण अर्थाविषयी वाद झाल्यास कोणत्या भाषेतील मजकूर ग्राह्य धरायचा, याचे कलमच त्यात नाही.

जाणाऱ्यांनी पहिला दिवस टाळला तरी चालेल. फक्त दुसऱ्या दिवसाचे शुल्क वेगळे घेता का, असे मी आयोजकांना विचारून पाहिले, घेत नाहीत.