‘द वायर’चा ब्लू-रे संच: घ्या, पण जुनी डीव्हीडी विकू नका

डेव्हिड सायमन या अमेरिकी लेखक-निर्मात्याचं काम पाहायला कुठून सुरुवात करायची, याचं सोपं उत्तर म्हणजे ‘द वायर’. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि ड्रग्जच्या टोळ्या यांची ही मालिका: एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात पाच सीझनमध्ये आलेले ६० भाग. ब्लू-रे संच जून २०१५ मध्ये आला. डिस्क २०, चित्र १०८०पी (फुल एचडी), आवाज ५.१ (भोवतालच्या स्पीकरांचा), इंग्रजी सबटायटल्स. हिंदी-मराठी काही नाही.

आधी चित्राबद्दल, कारण खरा वाद तिथंच आहे. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण चौकट ४:३ अशी चौकोनी धरून. ती दृश्यशैली निर्माते रॉबर्ट कोल्सबेरी यांनी बसवली होती. ते २००४ मध्ये वारले. २०१४ च्या अखेरीस एचबीओने सगळं नव्याने साफ करून १६:९ मध्ये, म्हणजे आजच्या टीव्हीच्या रुंद चौकटीत आणलं. कडेची झाकलेली फिल्म उघडल्यावर काही ठिकाणी चित्रीकरणाच्या युनिटची माणसं आणि सामान दिसू लागलं, ते संगणकावर पुसावं लागलं. काही दृश्यांना याचा फायदा झाला आणि काहींचं नुकसान, हे सायमनने स्वतःच लिहून टाकलं. दुसऱ्या सीझनमधली गोदी, कंटेनरच्या रांगा, कामगारांचा घोळका रुंद पडद्यावर खुलतो. पहिल्या सीझनमधलं पोलिसांचं तळघरातलं ऑफिस मात्र सैल वाटतं. चौकोनी चौकटीत दोन माणसं खांद्याला खांदा लावून कोंडलेली दिसायची. आता शेजारी रिकामी भिंत आली. म्हणून जुनी डीव्हीडी हाताशी असलेली बरी. ती लावताना टीव्हीचं चित्र ‘ओरिजिनल’वर ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. ‘फुल’वर ठेवलं की सगळे हवालदार जाडजूड दिसतात.

आता कथेचा माल कुठून आला ते. सायमन १९८२ ते १९९५ बाल्टिमोरच्या ‘द सन’ दैनिकात गुन्हेवार्ताहर होता. १९८८ चं अख्खं वर्ष तो शहर पोलिसांच्या खून पथकात बसून होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १९९१ मध्ये निघालं आणि १९९३ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीने त्यावर ‘होमिसाइड’ ही मालिका आणली. निर्माते बॅरी लेव्हिन्सन आणि टॉम फोंटाना यांच्या त्या मालिकेत सायमन आधी पटकथा लिहायला लागला, मग निर्मितीतही शिरला. बातमीदाराचा निर्माता झाला तो तिथं. खून पथकाचा तो फळा, उलगडलेली प्रकरणं काळ्या शाईत आणि न उलगडलेली लाल शाईत, तिथून थेट ‘द वायर’मध्ये आलाय. सहलेखक एड बर्न्स हा त्याच शहराचा माजी डिटेक्टिव्ह, नंतर शाळाशिक्षक. पहिला सीझन बर्न्सच्या पोलिसी नोकरीतून आलाय, चौथा त्याच्या वर्गातून. पुढे जॉर्ज पेलेकानोस, रिचर्ड प्राइस, डेनिस लेहेन हे कादंबरीकारही लिहायला आले. ६० भागांना एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार, एकही नाही. लेखनासाठी दोनदा नामांकन, बस.

आपल्याकडच्या मालिकांत दार एका लाथेत उघडतं. इथं फोन टॅप करायचा तर आधी न्यायाधीशाला पटवावं लागतं की पाळत, खबरी, बाकी सगळे मार्ग करून संपले. परवानगी मिळाली तरी कामाचं बोलणं नसेल तर ऐकणं थांबवायचं. सार्वजनिक फोन असेल तर आणखी पंचाईत: बोलतोय कोण, हे समोरच्या गच्चीवरून कुणीतरी डोळ्यांनी बघत असलं पाहिजे. कथा संथ वाटते ती या कागदपत्रांमुळे, आणि तीच तिची खरी मजा आहे.

पहिल्या सीझनचा पाचवा भाग रिमोट हातात ठेवून पाहा. टोळीवाले पेजरवर (आलेला नंबर दाखवणारं खिशातलं छोटं यंत्र) फोन नंबर सांकेतिक आकड्यांत पाठवतात. फोनच्या बटणांत मधला ५ ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा: १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ३ च्या जागी ७, ४ च्या जागी ६, आणि ५ व ० यांची अदलाबदल. म्हणजे ४१० चं ६९५ होतं. कीपॅड समोर ठेवून करून बघा, जमतं. शाळा सोडलेल्या पोराला बेरीज-वजाबाकी न करता, नुसत्या बोटाने जमेल असाच हा संकेत आहे.

त्याआधीचा चौथा भागही असाच. दोन डिटेक्टिव्ह जुन्या खुनाच्या स्वयंपाकघरात जातात. हातात फोटो आणि मोजपट्टी. सबंध दृश्यात संवाद म्हणजे एकच इंग्रजी शिवी, निरनिराळ्या सुरांत. गोळी खिडकीबाहेरून आली हे ते कोन धरत ताडतात. गोळी फ्रिजच्या दारात सापडते, रिकामी पुंगळी खिडकीबाहेर. समजावून सांगणारं एक वाक्य नाही, तरी सगळं कळतं. (घरात लहान मुलं असतील तर आवाज बंद करा.)

बरेच लोक तिसऱ्या भागापर्यंत सोडून देतात. कारण साधं आहे: माणसं खूप, नावं कुणी दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि बाल्टिमोरची रस्त्यावरची बोली कानाला लागत नाही. सबटायटल्स पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. मोबाइल बाजूला. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. गाणं वाजलं तर ते गाडीतल्या किंवा दुकानातल्या रेडिओवर. त्यामुळे ‘आता काहीतरी घडणार’ असा इशारा संगीताकडून मिळत नाही, बघावंच लागतं. शीर्षकगीत टॉम वेट्सचं, दर सीझनला गायक वेगळा.

पाचवा सीझन कमी पडतो. वृत्तपत्राच्या कचेरीतला भाग वाचकाला पटेल असा, पण तिथले साहेबलोक सरळसोट खलनायक झालेत. सायमनचा आपल्या जुन्या दैनिकावरचा राग दिसतो. पोलिसानेच रचलेल्या खोट्या खुन्याची कथाही या मालिकेच्या शिस्तीत बसत नाही.

एक्स्ट्राजपैकी पहिल्या भागावरची सायमनची कॉमेंट्री (भाग चालू असताना त्यावर केलेलं बोलणं) ऐकाच, पण पूर्ण सीझन झाल्यावर. आधी ऐकलीत तर पुढचं फुटतं. मालिकेतल्या मंडळींच्या २०१४ च्या पुनर्भेटीची चर्चा या संचात नव्याने घातली आहे.

घेण्याआधी रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड, तपासा. भारत ब्लू-रेसाठी सी आणि डीव्हीडीसाठी ५. अमेरिकी माल अनुक्रमे ए आणि १. गेमिंग कन्सोलवर डिस्क लावणार असाल तर तो कन्सोल कुठल्या देशात घेतलाय यावर रिजन ठरतो. लॅपटॉपला ब्लू-रे ड्राइव्ह नुसता जोडून भागत नाही, चालवायला बहुधा विकतचं सॉफ्टवेअर लागतं.

‘होमिसाइड’ किंवा सायमनचीच २०२२ ची सहा भागांची ‘वी ओन धिस सिटी’ या खोक्यात अर्थातच नाही. दुसरी तर त्याच शहरातल्या पोलिसांच्या खऱ्या लुटालुटीवर आहे. ‘द वायर’ संपल्यावर आठवडाभराने लावा.